पाच वर्षांसाठी स्वतःला वगळून घेताना

१ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे साडेचार वाजता माझ्या खात्यात ६२ पौंड शिल्लक होते. रात्री बारा वाजून गेल्यावर पगार जमा झाला होता आणि त्यातले १,६४० पौंड पुढच्या चार तासांत फोनवरच्या स्लॉटमध्ये, म्हणजे चित्रे जुळवण्याच्या जुगारात, गेले होते. नवरा आणि मुलगी वरच्या मजल्यावर झोपली होती. मी स्वयंपाकघरात दिवा न लावता बसले होते. फोन इतका तापत होता की दर दहा-पंधरा मिनिटांनी मी तो ओट्याच्या थंडगार दगडावर पालथा ठेवत होते आणि निवला की पुन्हा उचलत होते. पुढे समुपदेशकाने त्या रात्रीतले सर्वांत ठळक काय आठवते असे विचारले, तेव्हा मला गेलेली रक्कम आठवली नाही. दगडावर पालथा ठेवलेला फोन आठवला.

त्या सकाळपासून वर्ष उलटून गेले आहे. या काळात मी ब्रिटनमधील जुगार-कंपन्यांच्या दारातून स्वतःला वगळून घेतले, म्हणजे मला खेळू देऊ नये अशी नोंदवहीत नोंद केली, बँकेत अडथळे बसवले, आठ आठवड्यांचा सामूहिक उपचार घेतला आणि त्यानंतर बारा आठवड्यांचा बक्षिसांवर आधारलेला उपचारही पूर्ण केला. त्या दिवशी मी मराठीत शोध घेतला होता. जुगार वाईट असे सांगणारे पुष्कळ सापडले, पण आधी काय करावे, कोणाला फोन करावा, किती दिवस थांबावे लागते हे सांगणारे काही हाती लागले नाही, म्हणून हे लिहिते आहे. यातील नावे आणि नियम ब्रिटनचे आहेत. स्वीडनमध्ये स्पेलपाउस आणि ऑस्ट्रेलियात बेटस्टॉप या नोंदवह्या अशाच कामासाठी आहेत, त्यामुळे तिकडे राहणाऱ्यांना निदान वाट ओळखीची वाटेल.

माझी सुरुवात २०२२ च्या उन्हाळ्यात रात्रपाळीच्या दिवसांत झाली. पाळी संपवून घरी आले की झोप लागत नसे आणि एका जाहिरातीत वीस फ्री स्पिन, म्हणजे फुकटचे डाव, मिळत होते. ब्रिटनमध्ये १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळण्यास बंदी आहे. मी त्यातून अशी पळवाट काढली की घरखर्च क्रेडिट कार्डावर टाकायचा आणि पगार खेळासाठी मोकळा ठेवायचा. नंतर एक वैयक्तिक कर्ज काढले, मग ते फेडण्यासाठी दुसरे. एकोणीस महिन्यांनंतर देणे ११,८५० पौंड झाले होते.

त्याच पहाटे, पाच वाजण्याच्या सुमारास, मी गॅमस्टॉपचे संकेतस्थळ उघडले. ही ब्रिटनची ऑनलाइन जुगारापुरती राष्ट्रीय नोंदवही २०१८ मध्ये सुरू झाली आणि ३१ मार्च २०२० पासून ब्रिटनमध्ये परवाना असलेल्या प्रत्येक ऑनलाइन कंपनीला तिच्यात सामील होणे बंधनकारक झाले. नोंदणीला शुल्क नाही. नाव, जन्मतारीख, पत्ता, पोस्टकोड, ईमेल आणि मोबाइल क्रमांक द्यायचा, आणि मग मुदत निवडायची: सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे. निवडलेली मुदत संपेपर्यंत नोंदणी मागे घेता येत नाही, हे तिथे ठळकपणे लिहिलेले आहे.

त्या तीन पर्यायांपाशी मी जवळजवळ वीस मिनिटे अडकले. सहा महिन्यांवर बोट ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. मनात हिशोब चालला होता की सहा महिन्यांत सगळे सुरळीत होईल आणि मग कधीतरी, बेताने, दहा-वीस पौंडांचे खेळायला काय हरकत आहे. तो हिशोब मला शब्दांत ऐकू आला आणि मी घाबरले, कारण गेलेला सगळा पैसा परत मिळवून देईन असे सांगणारा आवाजही तोच होता. मी पाच वर्षे निवडली. कोणी माझे मत विचारले तर मी पाच वर्षेच सांगेन. वर्षभराची मुदत वाईट असते म्हणून नव्हे, तर मुदत निवडताना आपण परतीची तारीख ठरवत बसलो असलो, तर ती तारीखच पुढे मनात घर करून राहते म्हणून.

नोंदणी लागू होण्यास चोवीस तासांपर्यंत वेळ लागू शकतो. हे आधीच माहीत असावे, कारण ते चोवीस तास कठीण जातात. खात्यातले ६२ पौंड मी लगेच नवऱ्याच्या खात्यात पाठवले आणि फोन मुलीच्या दप्तराशेजारी ठेवून कामावर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या साइटवर मी सर्वांत जास्त खेळत असे तिथे प्रवेश मिळतो का हे पाहिले. नाव वगळलेले असल्याचा संदेश आला आणि मी रडले. त्यात सुटका होती, पण दुःखही होते, आणि हे दुःख येते हे कोणी तरी आधी सांगायला हवे होते असे मला वाटते. आपलीच एक वाईट सवय गेली तरी काही दिवस घर सुने वाटते.

एका साइटवर माझे ३८ पौंड २० पेन्स शिल्लक होते. वगळणी लागू झाल्यावर शिल्लक रक्कम खातेदाराला परत करावी लागते, मात्र ती आपोआप येईल असे समजून थांबू नये. मला दोन ईमेल पाठवावे लागले आणि रक्कम नवव्या दिवशी आली. आणि एक पथ्य पाळावे: अशी रक्कम मागताना ग्राहकसेवेच्या माणसाशी चॅटवर गप्पा लांबवू नयेत. मी लांबवल्या आणि त्या संभाषणानंतर तासभर माझे हात अस्वस्थ होते.

नवऱ्याला मी ३ फेब्रुवारीला, शनिवारी, मुलगी पोहायला गेली असताना सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढेच म्हणाला, "किती?" मी आकडा सांगितला, पण दुसरे कर्ज सांगितले नाही. चार दिवसांनी ते पत्राने घरी आले. त्याने ते पाकीट माझ्यासमोर ठेवले आणि विचारले, "आणखी कुठे काही आहे का? आत्ताच सांग." त्या दिवशीचा त्याचा चेहरा मला पहिल्या दिवसापेक्षा जास्त लागला. सांगायचे असेल तर सर्व कर्जांची यादी कागदावर लिहून, एकदाच आणि पूर्ण सांगावे. हप्त्याहप्त्याने सांगितलेले सत्य ऐकणाऱ्याला प्रत्येक वेळी नव्याने फसवल्यासारखे लागते.

११ फेब्रुवारीच्या रात्री मला माझ्या बंदोबस्तातले पहिले भोक सापडले. लग्नाआधीच्या आडनावाने आणि जुन्या ईमेलने उघडलेले एक खाते अजून चालू होते. मी शोधत नव्हते असे म्हणणार नाही, शोधतच होते. त्या रात्री ४० पौंड गेले. चूक माझी होती. नोंदणीत जुनी नावे, जुने पत्ते आणि दुसरे ईमेल जोडण्याची सोय होती आणि मी ती घाईत सोडून दिली होती. दुसऱ्या दिवशी मी ते सर्व तपशील भरले. घर बदलले, फोन बदलला, ईमेल बदलला की ही माहिती तिथे अद्ययावत करावी लागते, नाहीतर नोंद आणि माणूस यांची जुळणी होत नाही.

दुसरे भोक त्याहून मोठे आहे. गॅमस्टॉपची सत्ता फक्त ब्रिटिश परवाना असलेल्या कंपन्यांवर चालते. परदेशी, विनापरवाना साइट तिच्या कक्षेबाहेर आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेक "आम्ही गॅमस्टॉपमध्ये नाही" अशीच जाहिरात करतात. ज्याने नुकतेच स्वतःला वगळून घेतले आहे अशा माणसालाच हे आमिष दाखवलेले असते. हे वाचताना आजही माझा संताप होतो. यावर उपाय म्हणजे उपकरणातच अडथळा बसवणे. गॅमबॅन हे सॉफ्टवेअर फोन, टॅबलेट आणि संगणकावर जुगाराच्या साइट आणि ॲप उघडू देत नाही. जुगारासाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनशी बोलल्यावर मला ते विनामूल्य मिळाले. बेटब्लॉकर हे एका धर्मादाय संस्थेचे सॉफ्टवेअरही विनामूल्य आहे. घरातल्या सगळ्या उपकरणांवर ते बसवावे, मुलांच्या टॅबलेटवर आणि कपाटात पडलेल्या जुन्या फोनवरसुद्धा. मी जुना फोन सोडला होता. नवऱ्याने तो शोधून काढला आणि काही न बोलता त्यावरही सॉफ्टवेअर टाकले.

हेल्पलाइनवरची बाई माझ्याशी अर्धा तास बोलली. "तुम्ही आता या क्षणी सुरक्षित आहात का?" हा तिचा पहिला प्रश्न होता. तो प्रश्न पैशांविषयी नाही हे मला थोड्या वेळाने कळले. ज्या कोणाला अशा वेळी जीव नकोसा झाला असेल त्याने नोंदवह्यांच्या मागे लागू नये, आधी हा फोन करावा.

बँकेचा अडथळा हा या सगळ्यातला मला सर्वांत उपयोगी पडलेला भाग आहे. कार्डाने पैसे भरताना प्रत्येक व्यापाऱ्याचा वर्गवारी संकेतांक बँकेकडे जातो. जुगाराचा संकेतांक ७९९५ आहे आणि अडथळा चालू केला की बँक या संकेतांकाचे व्यवहार नाकारते. ब्रिटनमध्ये २०१८ पासून बँकांनी ही सोय देण्यास सुरुवात केली. माझ्या मुख्य बँकेच्या ॲपमध्ये ते एक बटण होते, चालू करायला दोन सेकंद लागले. बंद करायचे तर मात्र ४८ तास थांबावे लागते. काही बँकांमध्ये ही मुदत ७२ तासांची आहे, काहींमध्ये ती अजिबात नाही. म्हणून चालू करण्यापूर्वी मुदतीची चौकशी करावी, कारण लगेच बंद होणारा अडथळा पहाटे तीन वाजता काही कामाचा नसतो. माझ्या दुसऱ्या बँकेत हे ॲपमधून होत नव्हते. चाळीस मिनिटे फोन धरून ठेवल्यावर ज्या कर्मचाऱ्याने उचलला त्याला ही सोय ठाऊक नव्हती आणि त्याने मला खर्चाच्या अंदाजपत्रकाविषयी सल्ला दिला. मी ते खातेच बंद केले. कार्डाचा अडथळा बँकेतून थेट पाठवलेल्या रकमेला लागू होत नाही, ही उणीव राहतेच. ती भरून काढण्यासाठी मी पगाराचे खाते असे केले की दर रविवारी नवरा आणि मी त्याचे विवरण सोबत बसून पाहतो.

रस्त्यावरच्या बेटिंगच्या दुकानांसाठी वेगळी योजना आहे, कॅसिनोंसाठी आणखी वेगळी. दुकानांच्या योजनेत फोनवर नोंदणी होते आणि आपले छायाचित्र द्यावे लागते. मी दुकानांत जाणारी नव्हते, म्हणून त्या वाटेला गेले नाही. माझ्या गटातल्या दोघांनी ते केले होते.

कर्जासाठी मी एका विनामूल्य सल्लागार संस्थेकडे गेले. त्यांनी मला ब्रीदिंग स्पेस या सरकारी योजनेत घातले. तिच्यात ६० दिवस बहुतेक कर्जांवरचे व्याज आणि वसुली थांबते. त्या साठ दिवसांत हप्त्यांची बोलणी झाली. आता दरमहा २३० पौंड जातात आणि २०२८ च्या उन्हाळ्यात ते संपतील.

उपचारासाठी मी स्वतःच अर्ज केला, डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज पडली नाही. इंग्लंडमध्ये एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, जुगाराच्या उपचारासाठीचे पहिले केंद्र २००८ मध्ये लंडनला निघाले, आणि २०२४ पर्यंत अशा केंद्रांची संख्या पंधरावर गेली होती. मी गेले त्या केंद्राचे नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांनी माझ्यासाठी खूप केले असले तरी तिथली प्रतीक्षा मला भारी पडली. २० फेब्रुवारीला फोनवर प्राथमिक मुलाखत झाली आणि पहिले सत्र मिळाले ११ एप्रिलला. म्हणजे सात आठवड्यांहून अधिक काळ. त्या काळात दर सोमवारी हेल्पलाइनवर बोलणे एवढाच आधार होता. अर्ज आधी करावा आणि बाकीची तयारी नंतर, असे मी म्हणते ते यासाठीच.

मुलाखतीत नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते. परवडेल त्यापेक्षा जास्त लावले का, हरलेले परत मिळवायला पुन्हा गेलात का, अपराधी वाटले का, असे प्रश्न असतात आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. आठ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे समस्या गंभीर. माझे एकोणीस आले. आयुष्यात प्रथमच एखाद्या परीक्षेत कमी गुण मिळावेत असे वाटले होते.

सामूहिक उपचार सीबीटी पद्धतीचा होता, म्हणजे विचार, भावना आणि कृती यांची साखळी उलगडून तिच्यातली एकेक कडी बदलणे. आठ गुरुवार, प्रत्येकी दीड तास, आम्ही नऊ जण. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने जुगाराच्या हानीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही सामूहिक सीबीटीची शिफारस आहे. मला सर्वांत उपयोगी पडले ते "थोडक्यात हुकले" या भावनेविषयीचे सत्र. तीनपैकी दोन चित्रे जुळली आणि तिसरे एका घराने हुकले, तर ती हार असते, पण मनाला ती जवळजवळ जीत वाटते आणि बोट पुन्हा बटणावर जाते. मी एकोणीस महिने जवळजवळ जिंकत होते.

३० मेच्या शेवटच्या सत्रानंतर तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मला थांबवून घेतले आणि बारा आठवड्यांच्या एका वेगळ्या कराराविषयी विचारले. दर गुरुवारी बँकेचे विवरण दाखवायचे, आठवडा कोरडा, म्हणजे जुगाराशिवाय, गेला असेल तर किराण्याचे व्हाउचर मिळणार. घरी सांगितले तेव्हा नवरा म्हणाला, "म्हणजे जुगार न खेळण्याचे पैसे? आम्ही बाकीचे तर फुकटच खेळत नाही." त्याचे म्हणणे मला लागले, पण चुकीचे वाटले नाही. मी तेच बाईंना विचारले. त्यांनी ते मनावर न घेता शांतपणे समजावून सांगितले.

ही पद्धत जुगारासाठी अजून सर्रास वापरली जात नाही. इतर व्यसनांत मात्र ती जुनी आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत व्हर्माँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या रुग्णांसाठी व्हाउचरची योजना आखली: लघवीच्या तपासणीत कोकेन आढळले नाही तर पहिल्यांदा अडीच डॉलरचे व्हाउचर, पुढच्या प्रत्येक वेळी सव्वा डॉलरने वाढ, आणि तपासणीत दोष निघाला की पुन्हा मुळापासून सुरुवात. ब्रिटनमध्ये अमली पदार्थांच्या उपचारात बक्षिसांचा वापर करावा, असे नाइसने २००७ मध्येच सांगितले आहे. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी २०११ पासून तो मोठ्या प्रमाणावर सुरू केला. याचीच दुसरी तऱ्हा नॅन्सी पेट्री या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी रूढ केली. तिच्यात रुग्णाने एका भांड्यातून चिठ्ठी उचलायची. काहींवर फक्त शाबासकी असते, काहींवर लहान बक्षीस, एखाद्यावर मोठे. केंद्रातल्या बाईंनी हे सांगितले तेव्हा माझ्या पोटात काहीतरी हलले. त्यांनी ते पाहिले असावे, कारण लगेच म्हणाल्या, "तुम्हाला मी चिठ्ठी उचलायला लावणार नाही. तुमचे बक्षीस ठरलेले असेल." माझ्यासारखीला नशिबाच्या सोडतीतून बरे करणे त्यांना मान्य नव्हते.

त्यांचे मुख्य सांगणे असे होते की स्लॉटच्या यंत्राने माझ्या मेंदूला बेभरवशाच्या बक्षिसाची सवय लावली आहे, आणि जुगार सोडल्याचे फळ मात्र फार उशिरा मिळते: कर्ज फिटायला चार वर्षे, घरचा विश्वास परत यायला कदाचित त्याहून जास्त. मधल्या काळात मेंदूला आज, या आठवड्यात, खात्रीने मिळणारे काहीतरी हवे. रक्कम लहान असली तरी चालते, पण ती वेळेवर आणि ठरल्याप्रमाणेच मिळाली पाहिजे.

करार एका पानाचा होता आणि त्यावर आम्ही तिघांनी, म्हणजे मी, बाई आणि नवऱ्याने सह्या केल्या. पहिल्या कोरड्या आठवड्याला पाच पौंड, मग दर आठवड्याला एक पौंड वाढ, सलग तीन आठवडे झाले की पाच पौंड जादा. चुकले तर त्या आठवड्याचे शून्य आणि पुढे पुन्हा पाचपासून. त्यानंतर सलग तीन आठवडे नीट गेले की जिथून घसरले होते त्या पायरीवर परत. रोख रक्कम कधीही मिळणार नाही आणि व्हाउचरवर लॉटरीची तिकिटे घेता येणार नाहीत, हे वेगळे लिहिले होते. शेवटचे कलम मला फार महत्त्वाचे वाटते: चूक झाली आणि ती स्वतःहून सांगितली, तर बक्षीस जाईल, पण गुरुवारची भेट जाणार नाही. मद्याची किंवा अमली पदार्थांची तपासणी करता येते, जुगाराची करता येत नाही. विवरणात न दिसणारा रोखीचा जुगार फक्त सांगितला तरच कळतो, म्हणून सांगणे अवघड होईल असे काहीही करारात ठेवू नये, असे त्यांचे मत होते.

६ जूनला पहिले व्हाउचर मिळाले. पाच पौंड. मला लाज वाटेल असे वाटले होते, पण मी ते पाकिटात घातले आणि बसमध्ये दोनदा उघडून पाहिले. शेकड्यांनी पौंड उडवलेल्या बाईला पाच पौंडांचे अप्रूप का वाटावे, याचा मी पुष्कळ विचार केला. त्या सगळ्या काळात जिंकलेला एकही पौंड माझा झाला नव्हता. जिंकलेले पुन्हा लावण्यासाठीच असायचे. हा पाच पौंडांचा कागद लावता येण्यासारखा नव्हता, त्याचे तांदूळच आणावे लागणार होते.

सहाव्या आठवड्यात मी घसरले. ९ जुलैला, मंगळवारी, कामावर एका वरिष्ठाने सगळ्यांसमोर माझी चूक काढली आणि घरी येताना दुकानाच्या गल्ल्याजवळ मी पाच पौंडांचे एक स्क्रॅचकार्ड घेतले. मग आणखी दोन. दुकानातल्या स्क्रॅचकार्डांना माझा कोणताच अडथळा लागू नव्हता. तिन्ही गाडीत बसून किल्लीने खरवडली आणि तो करडा भुगा मांडीवरून झटकताना मला कळले की मी पंधरा पौंड नाही, पाच आठवडे खरवडून काढले आहेत. रोखीने घेतले होते, कोणाला कधी कळले नसते. बुधवारी रात्री मी न सांगण्याचे ठरवले. गुरुवारी बाईंनी विवरण पाहून हसून दहा पौंडांच्या व्हाउचरवर, आणि सलग सहाव्या आठवड्याच्या जादा पाचवर, माझे नाव लिहायला घेतले आणि मी म्हटले, "थांबा."

त्यांनी पेन खाली ठेवले. ते व्हाउचर खणात परत गेले आणि आम्ही उरलेला तासभर गल्ल्याजवळच्या त्या दोन मिनिटांविषयी बोललो. त्यातून निघालेली युक्ती साधी आहे: त्या दुकानात आता मी जात नाही, पेट्रोल भरले की पंपावरच कार्डाने पैसे देते, जवळ रोख रक्कम ठेवत नाही. घरी सांगितले तेव्हा नवरा म्हणाला, "हे तू मला न विचारता सांगितलेस." एवढेच. पण माझ्यासाठी त्या वर्षातली ती सर्वांत मोठी कमाई होती.

पुढच्या गुरुवारी पुन्हा पाच पौंडांपासून सुरुवात झाली. सहा आठवडे नीट गेले आणि २२ ऑगस्टला करार संपला तेव्हा एकूण १०१ पौंडांची व्हाउचर मिळाली होती. बक्षिसे थांबल्यावर परिणाम ओसरण्याचा धोका असतो हे बाईंनी आधीच सांगितले होते, म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत आम्ही त्यांच्या जागी काय येणार ते ठरवले. मी दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, विवरण पाहून झाल्यावर, वीस पौंड मुलीच्या नावाच्या खात्यात टाकते. ते तिला दिसते. तिला कारण माहीत नाही, योग्य वयाची झाली की सांगेन. महिन्यातून एकदा फोनवर पाठपुरावाही सुरू राहिला.

खर्च विचाराल तर नोंदणी, सॉफ्टवेअर, उपचार आणि कर्जाचा सल्ला यांपैकी कशालाही पैसे पडले नाहीत. बसभाडे लागले आणि वीस गुरुवारच्या दुपारच्या सुट्या. सुटीसाठी वरिष्ठांना "वैद्यकीय उपचार" एवढेच कारण दिले आणि केंद्राने तेवढ्याच शब्दांचे पत्र दिले. असे पत्र मागितले तर मिळते, मागावे लागते.

१४ डिसेंबरच्या रात्री मुलीला ताप होता. तिला झोपवून मी खाली आले. दीड वाजला होता आणि सगळ्या घरात तीच जुनी शांतता होती. मी बँकेचे ॲप उघडले आणि जुगाराचा अडथळा बंद करण्याचे बटण दाबले. आधी एका माणसाशी चॅटवर बोलावे लागले. त्याने विचारले की हे नक्की करायचे आहे का, मी हो म्हटले. मग पडद्यावर आले की विनंती नोंदवली आहे आणि ती ४८ तासांनी लागू होईल. मी त्या आकड्याकडे बघत बसले. काही वेळाने वरून मुलीने पाणी मागितले. तिला पाणी दिले, कपाळावरची पट्टी बदलली आणि तिच्याशेजारीच आडवी झाले. जाग आली तेव्हा उजाडले होते आणि तिचा ताप उतरला होता. दुपारी मी नवऱ्याला बोलावले, ॲप त्याच्यासमोर उघडले आणि ती विनंती रद्द केली. तेव्हा ४८ पैकी ३५ तास शिल्लक होते.